साखवाळचे विद्यार्थी : धर्मानंद कोसंबी

(द्वितीय वर्ष कला)

थोर माणसांची चरित्रे वाचताना माझ्या मनात नेहमी एक शंका येते. या माणसांना आपल्यासारखी भीती कधी वाटलीच नसेल का? शाळेच्या पुस्तकांत जी चरित्रे होती, त्यांतील माणसे लहानपणापासूनच थोर असत. ती नापास होत नसत, घरच्यांपासून काही लपवीत नसत, आणि रात्री अंथरुणात पडल्यावर उद्याचे काय होणार या विचाराने त्यांची झोप उडत नसे. त्यामुळे अशा चरित्रांविषयी आदर वाटला, तरी जवळीक वाटली नाही. ती मला पहिल्यांदा वाटली आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र वाचताना. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रयत्न. मी बौद्ध धर्माची अभ्यासक नाही, पाली मला येत नाही. एका विद्यार्थिनीने एका विद्यार्थ्याविषयी लिहिले आहे, इतकेच समजून वाचकांनी ते वाचावे.

हे पुस्तक माझ्या हाती आले ती वेळ काही चांगली नव्हती. प्रथम वर्षाच्या दुसऱ्या सत्राचा निकाल लागला आणि मी इंग्रजीत नापास झाले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. शिरोड्याच्या बाजूचे आमचे गाव. बाबा पूर्वी मिठागरावर कामाला जात, आता गवंड्याच्या हाताखाली जातात. आई काजूच्या कारखान्यात गर सोलण्याचे काम करते. निकाल मी घरी सांगितला नाही. सांगितला असता तर कोणी रागावले नसते, आणि हीच खरी अडचण होती. आई कामावरच्या बायकांना मोठ्या अभिमानाने सांगत असे की, आमची मुलगी शिकून बाई होणार. तिच्या त्या अभिमानापुढे उभे राहण्याचे धैर्य मला नव्हते. मी मनाशी ठरवून टाकले की, गोव्यात मावसबहीण एका दुकानात काम करते तिच्याकडे निघून जायचे, आणि घरी एक चिठ्ठी लिहून ठेवायची. पिशवीसुद्धा भरली होती.

त्याच आठवड्यात आमच्या सभागृहात ‘माइंडफुलनेस’ या विषयावर एक व्याख्यान झाले. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचे, मन आत्ताच्या क्षणावर ठेवायचे, असे बरेच काही पाहुण्यांनी सांगितले. मला ते शहरातल्या लोकांचे काहीतरी वाटले. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात पुस्तके परत करायला गेले, तेव्हा मराठीचे सर तेथे होते. कालचे व्याख्यान कसे वाटले, असे त्यांनी विचारले. मी गप्प राहिले. तेव्हा ते म्हणाले की, ही विद्या परदेशातून आलेली नवी गोष्ट नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्यातील एका माणसाने १९२५ साली ‘समाधिमार्ग’ नावाचे पुस्तक मराठीत लिहून ती सोप्या भाषेत सांगून ठेवली आहे. मग त्यांनी कपाटातून ‘निवेदन’ काढून माझ्या हातात दिले. नियमाप्रमाणे पुस्तक पंधरा दिवसांत परत करायचे होते. म्हणून मी माझे जाणे पंधरा दिवस पुढे ढकलले.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. तेव्हा तेथे पोर्तुगिजांचे राज्य होते. गावात शिक्षणाची सोय अशी नव्हती. थोडेफार मराठी लिहिणे-वाचणे झाले, आणि पुढे शाळा सुटली ती सुटलीच. घरची नारळीची बाग होती, ती सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आले. पंधराव्या वर्षी चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी त्यांचे लग्न झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे आयुष्याची वाट आता ठरून गेली होती. बाग, संसार आणि माडांची राखण.

परंतु या तरुणाच्या मनाला स्वस्थता नव्हती. मिळेल ते मराठी पुस्तक तो वाचत असे. तुकारामांच्या गाथेने त्याच्या मनात पहिली ठिणगी टाकली. पुढे १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे लहानसे चरित्र त्याच्या वाचनात आले, आणि तेव्हापासून बुद्ध हेच त्याचे दैवत झाले. मला या गोष्टीचे फार नवल वाटते. मोठा ग्रंथ नाही, गुरू नाही, मुलांच्या मासिकातील काही पाने! तेवढ्यावर एका माणसाने आपले आयुष्य ओवाळून टाकले. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा, आणि तो आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगायचा, ही एकच इच्छा त्यांच्या मनात उरली.

याआधीही घर सोडण्याचा विचार त्यांनी केला होता आणि ते परतही आले होते. अखेर १८९९ च्या शेवटी, तेवीस वर्षांचे असताना, ते घराबाहेर पडले. थोरली मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. ते प्रथम पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे गेले. पाली शिकायची तर आधी संस्कृत पक्के हवे, आणि संस्कृत शिकायचे तर काशीला जायला हवे. म्हणून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. तेवीस-चोवीस वर्षांच्या माणसाने लहान मुलांबरोबर पाठांतराला बसायचे, ही काही सोपी गोष्ट नाही. मी माझ्याहून दोन वर्षांनी लहान मुलींबरोबर पुन्हा इंग्रजीच्या पेपरला बसायचे म्हणून लाजत होते, तेव्हा हे वाचून मान खाली गेली.

१९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूची, तेव्हा धर्म तेथे जिवंत असेल अशी त्यांची आशा होती. तेथील स्थिती पाहून त्यांची घोर निराशा झाली. बुद्धगयेस आले, तेव्हा धर्म शिकायचा असेल तर सिंहलद्वीपाला जावे असे त्यांना समजले. खिशात पैसा नसताना कलकत्त्यामार्गे ते कोलंबोला पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ते ब्रह्मदेशात गेले आणि तेथे ध्यानाचा अभ्यास केला. साखवाळच्या बागेत माडांना पाणी घालणारा हा माणूस अवघ्या काही वर्षांत कोठून कोठे गेला! आगगाडीत, बोटीत, धर्मशाळेत, कधी उपाशीपोटी. बरे, यांतील कोणत्याही ठिकाणी त्यांच्या ओळखीचे कोणी आधीपासून बसलेले नव्हते.

येथपर्यंत वाचून मला मोठा धीर आला होता. घर सोडण्याच्या माझ्या बेताला जणू एका थोर पुरुषाचा पाठिंबाच मिळाला! पण त्याच रात्री आई कामावरून आली, आणि काजूच्या चिकाने काळे पडलेले हात राखेने घासत मोरीवर बसली. तिला पाठमोरी पाहत असताना मला एकदम बाळाबाईंची आठवण झाली. पुस्तक तर धर्मानंदांबरोबर पुण्याला गेले, काशीला गेले, कोलंबोला गेले. साखवाळला कोण राहिले? तान्ही मुलगी पदरात घेऊन ती बाई रोज काय विचार करीत असेल? नवरा परत येईल की नाही, हे तरी तिला कोणी सांगितले असेल का?

हा प्रश्न मी सरांना विचारला. त्यांनी उत्तर दिले नाही, पुढे वाच म्हणाले.

पुढे वाचल्यावर दोन गोष्टी समजल्या. पहिली अशी की, धर्मानंद कायमचे भिक्षू राहिले नाहीत. १९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरविले, कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम पत्करले, आणि सुमारे सात वर्षांनी गोव्यात येऊन आपल्या माणसांना भेटले. संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ साली दामोदर हा मुलगा झाला. हेच पुढे गणित आणि इतिहास या दोन्ही विषयांत नाव कमावणारे डी. डी. कोसंबी. दुसरी गोष्ट सरांनी मागाहून दिलेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात सापडली. सिद्धार्थ मध्यरात्री निजलेल्या बायकोमुलाला सोडून गुपचूप निघून गेला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी चित्रांतून पाहिली आहे. धर्मानंदांनी पालीतील जुनी सुत्ते तपासून दाखविले की, त्या सुत्तांत अशी कथा नाही. आईबाप समोर रडत असताना त्यांच्या देखत बोधिसत्त्वाने गृहत्याग केला, असे तेथे आहे. ते वाचून मी किती तरी वेळ पुस्तक मिटून बसले. ज्याने स्वतः तरुणपणी घर सोडले, त्याच माणसाने उतारवयात हा शोध लोकांपुढे ठेवला. त्यांच्या मनात तेव्हा साखवाळ आले असेल की नाही, हे मी कोण सांगणार? पण मला मात्र एक समजले. जायचेच असेल तर समोर उभे राहून, सांगून जावे. चिठ्ठी ठेवून जाणे हा त्याग नव्हे, ते पळणे आहे.

म्हणून बाळाबाईंविषयीचे माझे कोडे सुटले असे नाही. धर्मानंद पुढेही वरचेवर दूरदेशी जातच राहिले. १९१८ मध्ये अमेरिकेला जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर यांना शिक्षणासाठी बरोबर नेले, तेव्हाही बाळाबाई धाकट्या मुलींसह मागेच राहिल्या. मुलीला परदेशी नेऊन शिकविणारा बाप त्या काळी विरळा, हे खरे. पण मागे राहणाऱ्याचे ओझेही तितकेच खरे. धर्मानंदांच्या विद्वत्तेत बाळाबाईंचा वाटा आहे, आणि तो कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापलेला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कलकत्त्याच्या विद्यापीठात त्यांना चांगल्या पगाराची नोकरी होती. ती सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या महिना ५० रुपयांवर ते महाराष्ट्रात आले. अट एवढीच की मराठी मुलखात राहून ग्रंथ लिहायचे. १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटे पण फार सुबोध पुस्तक निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून त्यांना बोलावणे आले. ज्याने शाळा पुरी केली नव्हती, इंग्रजी स्वतःच्या धडपडीने शिकले होते, तो माणूस हार्वर्डला गेला! ते एकदा नव्हे, चार वेळा. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, आणि तेथून पु. वि. बापट यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले विद्यार्थी तयार झाले. मधल्या काळात गांधीजींच्या गुजरात विद्यापीठातही त्यांनी काम केले.

हार्वर्डचे काम होते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात लिहिलेला हा ग्रंथ. त्याची २३ प्रकरणे आहेत आणि शील, समाधी व प्रज्ञा असे तीन भाग आहेत. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने हे काम आरंभिले होते. १८९९ मध्ये, म्हणजे धर्मानंदांनी घर सोडले त्याच वर्षी, तो वारला. ते अपुरे काम धर्मानंदांनी हाती घेतले. पण तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी संपादनाच्या श्रेयावरून त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये काम तसेच टाकून ते परतले. राग, मान, अहंकार यांना कसे जिंकावे हे सांगणाऱ्या ग्रंथावरूनच दोन पंडितांत वाद व्हावा, याचे कोणाला हसू येईल. मला आले नाही. आपल्या कष्टाचे नाव दुसऱ्याने लावावे, हे ज्याला सोसवत नाही तो माणूस आहे. आणि विशेष असे की, धर्मानंद पुन्हा गेले आणि पुन्हा तेच काम उघडून बसले. ‘विसुद्धिमग्ग’ची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली. ती पाहायला ते हयात नव्हते.

‘विसुद्धिमग्ग’ आमच्या आवाक्याबाहेरचा. पण त्यातील ध्यानाचा भाग ‘समाधिमार्गा’त सामान्य वाचकांसाठी आलेला आहे. आजच्या व्याख्यानात ज्याला माइंडफुलनेस म्हणतात, त्याला तेथे स्मृति असा आपला साधा शब्द आहे. चालताना आपण चालतो आहोत, जेवताना जेवतो आहोत, याची जाणीव जागी ठेवायची. शरीर, वेदना, चित्त आणि चित्तात उठणारे विचार, या चार ठिकाणी पहारा ठेवायचा. आनापानस्मृति म्हणजे आतबाहेर जाणाऱ्या श्वासावरची स्मृति. मन फार पळत असेल तर जुन्या आचार्यांनी श्वास मोजायला सांगितले आहेत. पाचाहून कमी मोजू नयेत, दहाच्या पुढे जाऊ नये. दुसरी भावना मैत्रीची. तिची सुरुवात स्वतःपासून करायची, मग आवडत्या माणसाकडे, मग परक्याकडे आणि शेवटी शत्रूकडे यायचे.

हे मी करून पाहिले. डोंगरावर जाऊन नव्हे, आमच्या पडवीत. सुट्टीच्या दिवसांत आई सोलायचे गर घरी आणते. गरावरची तांबूस साल चाकूच्या टोकाने अशी काढायची की गर अखंड राहिला पाहिजे. तुटला की भाव कमी. आईच्या हाताखालून एकामागून एक अख्खे गर निघतात आणि माझ्या हातून तुकडे होतात. कारण माझे मन कधीच गरावर नसते. ते निकालावर असते, गोव्यातल्या दुकानात असते, लोक काय म्हणतील यावर असते. मी श्वास मोजायला लागले. तीनपर्यंत गेले की मन पळे. पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी दहापर्यंत एकदाही पोहोचता आले नाही. शेजारी आई मात्र काही न मोजता सोलत होती. पाली तिने कधी ऐकलेली नाही, पण तिची स्मृति तिच्या बोटांवर होती. पोटापाण्याने तिला ती शिकविली असेल. तिच्या कष्टांना मी ध्यान म्हणणार नाही, दिवसाच्या शेवटी तिची पाठ किती दुखते हे मला ठाऊक आहे. पण लक्ष कशाला म्हणतात, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

चौथ्या-पाचव्या दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आईला सांगायचे या नुसत्या विचाराबरोबर माझ्या छातीत काहीतरी आवळून येते, आणि त्याच्याकडे पाहत राहिले तर ते थोड्या वेळाने सैल होते. भीती म्हणजे मी नव्हे, ती येते आणि जाते, एवढेच. मैत्रीची सुरुवात स्वतःपासून का करायची, हेही तेव्हा समजले. जिला नापास झालेली स्वतःच नकोशी झाली आहे, ती दुसऱ्यावर काय प्रेम करणार? त्या संध्याकाळी हातातला गर पुरा सोलून झाल्यावर मी आईला निकाल सांगितला. गोव्याला जाण्याचा बेतही सांगितला. तिने चाकू खाली ठेवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पेपर पुन्हा कधी आहे, एवढेच विचारले.

धर्मानंदांचे ध्यान त्यांना जगापासून दूर नेणारे नव्हते, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले आणि त्यांना तुरुंगवासही घडला. आमच्या शिरोड्याच्या सत्याग्रहाशी त्यांचा संबंध होता, हे मला या वाचनापूर्वी माहीत नव्हते. ज्या मिठागरांच्या बांधावरून मी लहानपणी बाबांना भाकरी नेऊन देत असे, ती मिठागरे आता मला निराळी दिसतात. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या गिरणी वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. दलित आणि कामकरी माणसांपर्यंत बुद्धाचा विचार पोहोचावा, ही त्यामागची तळमळ होती.

शेवटी त्यांचे शरीर फार थकले. आपल्या हातून आता काम होत नाही, दुसऱ्यावर भार होऊन जगू नये, असे त्यांना वाटू लागले. जैनांच्या पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर प्रभाव होता. अन्नत्याग करून देह ठेवण्याचा त्यांनी एकदा निश्चय केला, तेव्हा गांधीजींनी त्यांना परावृत्त केले होते. पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांनी तो निश्चय पुरा केला. ४ जून १९४७ रोजी त्यांचे देहावसान झाले. स्वातंत्र्य तेव्हा अडीच महिन्यांवर होते. दुसऱ्यावर भार होऊ नये या त्यांच्या विचाराविषयी आदर राखूनही तो मला पटत नाही. आमची आजी तीन वर्षे अंथरुणावर होती. ती कोणाला भार वाटली नाही. थोर माणसाची प्रत्येक गोष्ट पटलीच पाहिजे असे नाही, हे सांगण्याचे बळही मला त्यांच्याच पुस्तकाने दिले, कारण त्यांनीही परंपरेने सांगितलेले सर्व काही मुकाट्याने मान्य केले नव्हते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात आपणच पहिले शिकणारे आहोत. घरी विचारायला कोणी नसते, आणि चुकले तर सांगायलाही कोणी नाही असे वाटते. अशा वेळी या साखवाळच्या विद्यार्थ्याची आठवण ठेवावी. शाळा अर्धवट सुटली म्हणून ते थांबले नाहीत, तेविसाव्या वर्षी पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करायला लाजले नाहीत, आणि मोडलेले काम पुन्हा हाती घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही. श्वास मोजताना मन पळाले तर पुन्हा एकपासून मोजायचे, त्याबद्दल स्वतःला शिक्षा करायची नाही. अभ्यासाचेही तसेच आहे.

इंग्रजीचा पेपर मी पुन्हा दिला आहे. हा लेख लिहीपर्यंत निकाल लागलेला नाही. तो काहीही लागो, या वेळी घरी तो मीच सांगणार आहे.